कोपरावरची वेटोळी

माहुल गावठाण, मोजणीचा सहावा दिवस.
पडद्यावर हिरवं 'फिक्स', दोन सेंटीमीटरच्या आत,
मग काही कारण नसताना पिवळं 'फ्लोट',
आणि आकडे हलू लागतात
नांगर टाकूनही हलणाऱ्या होडीसारखे.

मी म्हटलं, रिफायनरीची चिमणी.
मग म्हटलं, नव्या टॉवरच्या काचा,
उपग्रहाची हाक तिथे आपटते, उशिरा पोचते,
आणि यंत्राला लांबचा रस्ता खरा वाटतो.
मग म्हटलं, इद्रिस.
काठी सरळ धर. बुडबुडा बघ.
तो बुडबुड्याकडे इतका वेळ बघत राहिला
की उन्हानं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.
बुडबुडा मधोमध होता.

चंदेरीबाई वैती रोज दारातून विचारते,
'बाय, ठरलं का? मोरी माझी का त्याची?'
चाळीस सेंटीमीटर म्हणजे इथे अर्धी मोरी.
ऑफिसात त्याला किरकोळ तफावत म्हणतात.

बॅटऱ्या बदलल्या. रेडिओचा चॅनल बदलला.
शाळेच्या गच्चीवरचा बेस बघायला चार जिने चढले.
तिपाई जागच्या जागी,
अँटेनावर कावळ्याची शिट.
पुसली. खाली आले. हिरवं.
इद्रिसला चहा सांगणार, तेवढ्यात
पिवळं.

कायमचा बिघाड बरा, एका जागी बसून असतो, सापडतो.
हा येऊन-जाऊन असणारा
तपासायला घेतला की शहाण्यासारखा वागतो,
दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणारं पोर.

'केबल?' इद्रिस म्हणाला.
दोन्ही टोकं पाहिली होती मी, घट्ट होती.
'टोकं नाही. मधली.'
जुनं यंत्र आमचं: रिसीव्हर पाठीवरच्या पिशवीत,
अँटेना काठीच्या डोक्यावर,
मधे दीड मीटर काळी केबल.

मासळी वाळवायच्या मोकळ्या ओट्यावर बसून
तो ती बोटाबोटानं वाकवत गेला, मी मोजत गेले.
उपग्रह एकोणीस.
एकोणीस.
अठरा. एकोणीस.
एकोणीस.
टोक चार बोटांवर आलं तेव्हा
शून्य.
मान वर करून बघितलं मी, उगाच.
बोट सोडलं: एकोणीस.

चंदेरीबाईनं बोंबील चिरायची सुरी दिली.
काळ्या कातडीखाली तांब्याची जाळी
हिरवी पडलेली, खाऱ्या हवेनं खाल्लेली,
आणि आतली तार
असून नसल्यासारखी टेकलेली.

चार बोटं.
रोज संध्याकाळी माझ्या अंगठ्याखाली
येते तीच जागा.
आप्पा साखळीच्या काळातले मोजणीदार,
त्यांनी दोरी गुंडाळायला शिकवली होती:
अंगठा, कोपर, अंगठा, कोपर, घट्ट,
सामानावरून माणूस कळतो.
इद्रिस केबल सैल गुंडाळायचा,
जाळ्याच्या दोरासारखी मोठाली वेटोळी.
मी त्याला गबाळ्या म्हणायचे,
उलगडून पुन्हा घट्ट करायचे,
चार वर्षं.

सदतीस बिंदू पुन्हा घेतले.
वीस जिथल्या तिथे. सतरा सरकले.
चंदेरीबाईच्या भिंतीवर आता दोन लाल खुणा,
पहिली रॉकेलनं पुसलेली, तरी दिसते.
नवी रेघ मोरीच्या मधोमध जाते.
तिनं दोन्हींकडे बघितलं.
'म्हंजे आंघोळीला मी उभी कुठं ऱ्हायची?'
नकाशात यासाठी रकाना नाही.

उन्हं उतरली. नवी केबल, अजून दुकानाचा वास.
माझा हात आपोआप कोपराकडे वळतो.
इद्रिस काही बोलत नाही, फक्त हात पुढे करतो.
देते.
एक वेटोळं मोठं, एक लहान,
एक पार गुडघ्यापर्यंत लोंबलेलं.
मी दुसरीकडे बघते.